दिवाळखोरी न्यायालयात धनकोच्या दाव्यावर हरकत : अमेरिकेतल्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

न्यू जर्सीत दिवाळखोरीची कामं घेणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, आहे. कुणाचं किती देणं आहे आणि ते खरंच तेवढं आहे का, एवढंच माझ्या टेबलावर वर्षभर चालतं. मराठी बोलणारी कुणीतरी आहे हे कळलं की फोन माझ्याकडे वळतो, आणि पहिली पाच मिनिटं "कुणाला सांगू नका हं" यातच जातात. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. हे सगळं अमेरिकेच्या संघीय कायद्याबद्दल आहे. भारतातल्या एनसीएलटीचा, म्हणजे तिथल्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाचा, इथे संबंध नाही. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या केसमध्ये काय करायचं ते तुमच्या वकिलांनाच विचारा. त्यांच्यासमोर बसताना कुठले कागद हातात हवेत, तेवढं मी सांगू शकते.

धनकोचा "दावा" म्हणजे काय? कोर्ट तो तपासून घेत नाही का?

नाही घेत. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

तुम्ही दिवाळखोरीचा अर्ज केलात की प्रत्येक धनकोला, म्हणजे ज्याचं तुमच्याकडून येणं आहे त्याला, "प्रूफ ऑफ क्लेम" भरता येतो. हा फॉर्म ४१०. रक्कम लिहायची, येणं कशाचं ते लिहायचं, कागद जोडायचे, सही ठोकायची, झालं. न्यायाधीश तो वाचून मंजुरीचा शिक्का मारत नाहीत. दिवाळखोरी संहितेचं कलम ५०२ म्हणतं की दाखल झालेला दावा मंजूरच समजावा, जोवर कुणी हितसंबंधी माणूस हरकत घेत नाही. मौनं संमतिलक्षणम् आपण नुसतं बोलायला वापरतो, इथे तो कायदा आहे. वर नियम ३००१ प्रमाणे नीट भरलेला दावा स्वतःच प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. "खोटं असेल तर कोर्ट बघून घेईल की" असं म्हणून निवांत राहिलेली आणि मग पाच वर्षं दुसऱ्याचंच देणं फेडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दावे बघायचे कुठे आणि कधीपर्यंत येतात?

प्रत्येक केसला दाव्यांची नोंदवही असते, क्लेम्स रजिस्टर. तुमच्या वकिलांना ती दिसते. तुम्हालाही "पेसर" या सरकारी साइटवर खातं उघडून बघता येते, पानाला १० सेंट पडतात.

चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे ठरलेल्या प्लॅनप्रमाणे हप्त्यांनी देणं फेडायच्या दिवाळखोरीत, साध्या धनकोंना अर्जाच्या तारखेपासून ७० दिवस मिळतात. सरकारी खात्यांना, म्हणजे आयआरएस (संघीय करखातं), राज्याचं करखातं वगैरेंना, १८० दिवस. या दोन्ही तारखा फ्रीजवर लावून ठेवा. सत्तराव्या दिवसानंतर एकदा आणि एकशेऐंशीव्या दिवसानंतर एकदा पूर्ण रजिस्टर छापून घ्यायचं आणि शांतपणे बसून वाचायचं. उशिरा आलेला दावा चॅप्टर १३ मध्ये तेवढ्याच कारणावर पाडता येतो, पण तोही आपोआप पडत नाही. हरकत घ्यावीच लागते.

रजिस्टर छापलं. आता त्यात बघायचं काय?

एकेक दावा उचला आणि पेन्सिल घेऊन बसा.

पहिल्याच पानावर विचारलेलं असतं की हा दावा दुसऱ्या कुणाकडून विकत घेतला आहे का. "हो" असेल तर कान टवकारा. कार्ड कंपन्या थकलेली खाती गठ्ठ्याने विकतात, घेणारा पुढे विकतो, आणि तीन हात फिरून आलेल्या खात्याबरोबर बहुतेक वेळा एक संगणकी ओळ सोडून काहीच येत नाही. एका केसमध्ये मूळ बँकेनेही दावा टाकला होता आणि खातं विकत घेणाऱ्यानेही. नावं वेगळी, रकमेत चारशे डॉलरचा फरक, त्यामुळे घरच्यांनी ती दोन कार्डं समजून सोडून दिली. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर खातेक्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेच निघाले.

ते चार आकडे आणखी एका कारणासाठी बघा. पाटील, जोशी, कुलकर्णी, शाह, पटेल यांची एडिसन-इसेलिन भागात काही कमी नाही. पहिलं नाव अमित किंवा स्नेहा असेल तर त्याच नावाचं दुसरं माणूस चार गल्ल्या सोडून सापडतं. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हा गोंधळ क्रेडिट एजन्सीपासून सुरू होतो तो इथवर येतो. खातं तुमचं आहे हे गृहीत धरू नका.

मग रक्कम. तिच्याखालीच विचारलेलं असतं की यात व्याज आणि इतर आकार धरलेत का. धरले असतील तर त्याचा तपशील जोडायला हवा. बिनतारणी कर्जावर अर्जाच्या तारखेनंतरचं व्याज लावता येत नाही, आणि ते लावलेले दावे दर महिन्याला दिसतात.

त्यानंतर तारण आहे असं म्हटलंय का आणि "प्रायॉरिटी", म्हणजे इतरांच्या आधी पैसे मिळण्याचा हक्क, मागितली आहे का. या दोन चौकटी रकमेपेक्षाही महाग पडू शकतात, कारण प्रायॉरिटीचं देणं चॅप्टर १३ मध्ये साधारणपणे पै न् पै फेडावं लागतं. साध्या देण्याला पुष्कळदा डॉलरमागे काही सेंटच मिळतात.

दावा चुकीचा आहे हे दिसतंय. मग हरकत घ्यायचीच ना?

थांबा. आधी गणित करा. फोनवर माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण माणूस चिडलेला असतो. त्याला न्याय हवा असतो आणि मी त्याला बेरीज-भागाकार सांगत असते.

समजा तुमच्या प्लॅनमध्ये बिनतारणी धनकोंसाठी महिना ३०० डॉलर आहेत, ६० महिने. म्हणजे १८,००० डॉलर. त्यांचे एकूण दावे ६०,०००. प्रत्येकाला डॉलरमागे ३० सेंट. आता १२,०००चा एक खोटा दावा तुम्ही पाडलात. दावे उरले ४८,०००, वाटा झाला साडेसदतीस सेंट. आनंद कुणाला? बाकीच्या बँकांना. तुमच्या खिशातून जाणारे १८,००० जसेच्या तसे. वकिलाची फी मात्र तुमची.

आता दुसरं घर घ्या. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेलं, किंमत वाढलेली, कर्ज बरंच फिटलेलं. न्यू जर्सी राज्य स्वतः घराला वेगळी सूट, म्हणजे धनकोंपासून वाचवता येणारी रक्कम, देत नाही. संघीय सूट घेतली तर एप्रिल २०२५ पासून ती माणशी ३१,५७५ डॉलर आहे. त्यावर घरात जी किंमत उरते तेवढं तरी धनकोंना मिळालं पाहिजे असा चॅप्टर १३ चा नियम. त्यामुळे अशा पुष्कळ घरांचा प्लॅन शंभर टक्के परतफेडीचा निघतो, आणि आपल्या लोकांत हा प्रकार बराच. इथे तोच १२,०००चा दावा पडला तर ६० महिने महिन्याला २०० डॉलर वाचतात, वर ट्रस्टीचं, म्हणजे तुमचे हप्ते घेऊन धनकोंना वाटणाऱ्या माणसाचं, कमिशन वाचतं ते वेगळं. ही लढाई लढायची.

तिसरा प्रकार म्हणजे प्लॅन कसाही असो, पूर्ण फेडावंच लागणारं देणं : अलीकडचा आयकर, पोटगी, घराच्या हप्त्यांची थकबाकी. त्यात हजार डॉलर जास्त लावले असतील तर ते हजार तुमचेच जातात. विद्यार्थी कर्जाचंही तसंच. ते बहुतेकदा माफ होत नाही, म्हणून आत्ता मान्य झालेला आकडा केस संपल्यावरही पाठीशी उभा राहतो.

आमचं चॅप्टर ७ आहे.

चॅप्टर ७ म्हणजे हप्ते नाहीत, असलेली मालमत्ता विकून धनकोंना वाटप. तिथे बहुधा हा प्रश्नच येत नाही. वाटण्यासारखी मालमत्ता नसेल तर कोर्ट धनकोंना दावे भरायलाच सांगत नाही. मालमत्ता असेल तर दावे तपासणं हे ट्रस्टीचं काम. ऋणकोला, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करणाऱ्याला, स्वतः हरकत घ्यायची तर त्या निकालाने आपल्या खिशात फरक पडतो हे दाखवावं लागतं : एकतर सगळ्यांचं देऊन काही शिल्लक उरणार असेल, नाहीतर ते देणं माफ न होणारं असेल.

हरकतीला कायद्यात कारणं कुठली?

कलम ५०२ च्या ब उपकलमात ती दिलेली आहेत. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण पहिलंच आहे : करार किंवा कायदा यांप्रमाणे जे देणं तुमच्याकडून एरवी वसूल करता आलं नसतं, ते दिवाळखोरीतही करता येत नाही. याच्या पोटात पुष्कळ काही बसतं. फेडून झालेलं देणं, मुदत संपलेलं देणं, दुसऱ्याचं देणं, फसवून सही घेतलेलं देणं, आणि ज्याच्याकडे ते खातं आल्याचा कागदच नाही अशाने मागितलेलं देणं.

बाकीच्यांत अर्जानंतरचं व्याज आणि उशिरा आलेला दावा हे वर आलंच. दुकान किंवा रेस्टॉरंट काढून बुडालेल्यांनी एक नक्की लक्षात ठेवावं. लीज मोडल्याबद्दल घरमालक उरलेल्या सगळ्या वर्षांचं भाडं मागतो, पण त्या नुकसानीला कायद्याने मर्यादा घातली आहे : एक वर्षाचं भाडं, किंवा उरलेल्या मुदतीच्या १५ टक्के पण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही, यांतलं जे मोठं असेल ते. अर्जाआधी थकलेलं भाडं त्याशिवाय. सात वर्षं शिल्लक असलेल्या लीजवर सातही वर्षांचा हिशेब लावून आलेला दावा पाहून एका गृहस्थांना रात्री झोप लागत नव्हती. मर्यादा लावल्यावर तो एका वर्षाच्या भाड्याच्या जरा वर आला.

आणखी एक कलम कुणी वापरताना दिसत नाही, पण आहे. अर्जाच्या किमान ६० दिवस आधी तुम्ही मान्यताप्राप्त समुपदेशन संस्थेमार्फत निदान ६० टक्के परतफेडीचा वाजवी प्रस्ताव दिला होता आणि धनकोने विनाकारण चर्चाच नाकारली, तर त्याचा बिनतारणी दावा २० टक्क्यांपर्यंत कापता येतो. पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. ती पत्रं जपून ठेवलेलं माणूस मला अजून भेटायचंय.

नऊ वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाचा दावा आलाय. एवढं जुनं मागता येतं?

मागता येतं. मिळावं की नाही हे तुम्ही हरकत घेता का यावर आहे.

प्रत्येक राज्यात दावा लावायची मुदत वेगळी. न्यू जर्सीत करारावरच्या देण्याला सहा वर्षं, कॅलिफोर्नियात लेखी कराराला चार, टेक्सासमध्ये चार, न्यूयॉर्कमध्ये ग्राहक कर्जांसाठी २०२२ पासून तीन. साधारणपणे हप्ता थकल्यापासून मोजतात. मध्येच थोडे पैसे भरले तर बऱ्याच राज्यांत घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. म्हणून वसुलीवाल्याचा फोन येतो आणि तो गोड आवाजात म्हणतो, "निदान पंचवीस डॉलर तरी भरा", तेव्हा तो पंचवीस डॉलरसाठी बोलत नसतो.

अशा मुदतबाह्य दाव्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, मिडलँड फंडिंग विरुद्ध जॉन्सन. अलाबामातलं प्रकरण. चॅप्टर १३ मध्ये १,८७९ डॉलर आणि काही सेंटचा दावा आला, ज्यात शेवटचा व्यवहार २००३ चा होता, आणि तिथली मुदत सहा वर्षांची. दावा मुदतीबाहेरचा आहे हे त्या कागदावरच दिसत होतं. असा दावा भरणं म्हणजे वसुली कायद्याखालची फसवणूक आहे का, असा प्रश्न होता. पाच विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, नाही. मुदत संपली हा बचाव आहे आणि तो ऋणकोने किंवा ट्रस्टीने उभा करायचा. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मत लिहिलं. माझं मत विचाराल तर विरोधी मत वास्तवाच्या जास्त जवळचं आहे. ट्रस्टीकडे केसेसचे ढीग असतात आणि तो प्रत्येक फॉर्मची शेवटच्या हप्त्याची तारीख बघत बसेल यावर भिस्त ठेवू नये. पण कायदा बहुमताचा आहे, तेव्हा तारीख तुम्ही बघायची.

ती तारीख शोधणं सोपं आहे. कार्डासारख्या फिरत्या खात्याच्या दाव्याला एक निवेदन जोडावंच लागतं : खातं कुणाकडून घेतलं, शेवटच्या व्यवहाराच्या वेळी ते कुणाचं होतं, शेवटचा व्यवहार कधी, शेवटचा हप्ता कधी, आणि बँकेने ते बुडीत खाती कधी टाकलं.

कागदच जोडलेले नाहीत. एवढं कारण पुरतं का?

लोकांना वाटतं पुरतं. बहुतेक न्यायालयं म्हणतात की नाही पुरत.

कागद नसले तर दाव्याचं प्रथमदर्शनी वजन जातं, पण दावा तेवढ्याने मरत नाही. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, दिवाळखोरी अपील पॅनेलने २००५ मध्ये हीथ प्रकरणात हेच सांगितलं : "कागद दाखवा" एवढंच म्हणून चालणार नाही, देणं का मान्य नाही ते सांगा. रक्कम चुकली आहे, खातं आमचं नाही, मुदत गेली आहे, असं काहीतरी ठोस हवं.

मग कागद नसण्याचा उपयोग काय? तो आहे. कार्डाच्या दाव्यात तुम्ही लेखी मागणी केली तर धनकोने ३० दिवसांत मूळ करार पाठवायला हवा. नाही पाठवला तर नंतर तोच कागद पुरावा म्हणून आणायला न्यायालय मनाई करू शकतं, वकिलाचा खर्चही लावू शकतं. म्हणून आमच्याकडे हरकतीच्या आधी एक पत्र जातं. पुष्कळदा त्या पत्रालाच उत्तर येत नाही, आणि तिथे हरकतीचा अर्धा पाया पडतो.

पण आम्हीच अर्जात ते कर्ज लिहून दिलंय.

अर्जासोबतच्या देण्यांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ई/एफ मध्ये, प्रत्येक देण्यापुढे "वादग्रस्त" अशी चौकट असते. शंका असलेल्या देण्यापुढे ती टिक केलीच पाहिजे. सरळ "देणं आहे, ८,००० डॉलर" असं शपथेवर लिहून नंतर "आमचं नाही" म्हणालात तर समोरचा तोच कागद न्यायाधीशांपुढे धरतो. चूक झाली असेल तर हरकतीच्या आधी शेड्यूल दुरुस्त करून घ्या.

घराच्या कर्जाचा दावा समजतच नाही. नुसते आकडे आहेत.

त्याला फॉर्म ४१०ए जोडलेला असतो आणि त्यात हप्ता पहिल्यांदा थकला तेव्हापासूनची एकेक नोंद असते. कंटाळा येतो, पण जास्तीचे पैसे इथेच लपतात. बँक स्टेटमेंट शेजारी घ्या आणि तुम्ही भरलेला प्रत्येक हप्ता त्या तक्त्यात आहे का ते खूण करत जा. कर्ज एका सर्व्हिसरकडून (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे गेलं त्या महिन्यातला हप्ता हमखास हरवतो.

दुसरं म्हणजे एस्क्रो, कर आणि विम्यासाठी बँक दरमहा बाजूला ठेवते ती रक्कम. तिथली तूट थकबाकीतही धरलेली असते आणि पुढच्या हप्त्याच्या वाढीतही, म्हणजे एकच पैसा दोनदा. घर बघून यायचा आकार, वकिलाचा आकार, "इतर" आकार यांना पावती मागा.

तारणच चुकीचं आहे, गहाणखत वैध नाही, असं म्हणायचं असेल तर मात्र साधी हरकत चालत नाही. त्यासाठी दिवाळखोरीच्या पोटात वेगळा खटला लावावा लागतो. तो वकिलाशिवाय करू नये.

आयआरएसचा दावा आम्ही भरलेल्या करापेक्षा कितीतरी मोठा आलाय!

कुठल्यातरी वर्षाचं रिटर्न त्यांच्या नोंदीत नाही, असं समजा. रिटर्न नसेल तर आयआरएस अंदाजे आकडा टाकतं आणि दाव्यात तसं लिहितंही. यावर हरकतीपेक्षा स्वस्त उपाय आहे : रिटर्न भरा. आकडा ते स्वतः दुरुस्त करतात. चॅप्टर १३ मध्ये मागच्या चार वर्षांची रिटर्न्स धनकोंच्या बैठकीआधी भरलेली असावीच लागतात.

दंडाला प्रायॉरिटी मागितली आहे का तेही बघा. निव्वळ शिक्षा म्हणून लावलेल्या दंडाला ती मिळत नाही.

आणि आता खास आपला विषय. पुण्याच्या बँकेतल्या एफडी, एनआरओ खातं, आईबरोबरचं जॉइंट खातं. अशा सगळ्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की दरवर्षी एफबार नावाचं विवरण द्यावं लागतं. ते न दिल्याचा दंड सरकार दाव्यात घालतं. २०२३ च्या बिटनर निकालाआधी हेतू नसताना झालेल्या चुकीलाही आयआरएस खात्यागणिक दंड लावत असे. त्या केसमध्ये २७२ खात्यांचे २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंड विवरणागणिक लावायचा. पाच वर्षांची पाच विवरणं, म्हणजे ५०,०००. तुमच्या दाव्यात खाती मोजून दंड लावलेला दिसला तर वकिलांना हे नाव सांगा.

मामांनी डाउन पेमेंटला पंधरा लाख दिले होते. त्यांचं नाव घालायचं की नाही?

घालायचंच. देणं असेल तर ते लपवता येत नाही, शपथेवर सही आहे.

मामा सांगलीहून फॉर्म ४१० भरू शकतात, त्यासाठी त्यांना वकील लागत नाही. रक्कम अर्जाच्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये लिहायची. मात्र नात्यातल्या दाव्याकडे ट्रस्टी आणि बँका भिंगातून बघतात, आणि इथे हरकत तुमच्याकडून नव्हे, त्यांच्याकडून येते. चिठ्ठी आहे का, व्याज ठरलं होतं का, मधल्या काळात कधी काही परत केलं का, असं सगळं विचारतात. बँक ट्रान्सफरची नोंद आणि त्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज कामाला येतात, मराठीत असले तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह.

सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच असतो. घराचं कर्ज घेताना बँकेने मामांकडून एक पत्र सही करून घेतलेलं असतं : ही रक्कम भेट आहे, परत करायची नाही. तेव्हा ते सगळेच करतात. आता तेच पत्र बाहेर येतं आणि "उसने दिले होते" हा दावा तिथेच बसतो. वर बँकेला तेव्हा खरं सांगितलं नाही, हा प्रश्न उभा राहतो तो निराळाच.

अर्जाच्या आधीच्या वर्षभरात मामांचे पैसे परत केले असतील तर तेही सांगा. जवळच्या नातेवाइकाला वर्षाच्या आत केलेली फेड ट्रस्टी परत मागू शकतो, आणि ती परत येईपर्यंत त्यांचा उरलेला दावाही अडकतो. "आपल्या माणसाचं आधी फेडलं" हे ज्या घरात अभिमानाने सांगतात, तिथे ट्रस्टीची ही नोटीस समजावून सांगणं माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे.

भारतातल्या बँकेचं शिक्षण कर्ज? बाबा जामीन आहेत.

तेही लिहायचं. बँकेने दावा भरला तर त्यावर इतर दाव्यांसारखीच हरकत घेता येते. भारतीय मुदत कायद्यात उसन्या पैशाला तीन वर्षं आहेत, पण कुठल्या देशाची मुदत लागू होणार हाच वाद होऊ शकतो. बाबांचं सांगायचं तर इथला आदेश त्यांना तिथे फारसा वाचवत नाही. बँक भारतातल्या जामिनाच्या मागे जाऊ शकते, हे धरूनच चाला.

हरकत प्रत्यक्षात दाखल कशी होते?

लेखी. दावा कुठल्या क्रमांकाचा, हरकत कशावर, कारण काय, पुरावा काय. त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातली नोटीस. सुनावणीच्या किंवा उत्तराच्या तारखेआधी निदान ३० दिवस ती धनकोला पोचती झाली पाहिजे. बाकी तपशील प्रत्येक जिल्ह्याच्या स्थानिक नियमांत वेगळे असतात आणि ते वाचल्याशिवाय पान हलवू नये. हरकतीला कोर्टाची वेगळी फी नाही.

पत्त्याचं सांगते, कारण त्यावर मी स्वतः तोंडघशी पडले आहे. फॉर्मवर दोन पत्ते असतात, एक नोटिशीसाठी आणि एक पैसे पाठवण्यासाठी. नवीन असताना मी एक हरकत पैशांच्या पत्त्यावर पाठवली. तिथे चेक उघडणारी यंत्रं असतात, माणसं नव्हे. समोरून कुणी आलं नाही, मला वाटलं जिंकलो. न्यायाधीशांनी पत्ता वाचला, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, पुन्हा पाठवा. तीस दिवस पहिल्यापासून. सरकार आणि ठेवविमा असलेल्या बँका यांना पाठवायचे नियम आणखी कडक आहेत. बँकेला साधारणपणे प्रमाणित टपालाने आणि अधिकाऱ्याच्या नावे.

सुनावणीत सिद्ध कुणी करायचं?

पहिला चेंडू तुमच्याकडे असतो. दाव्याला प्रथमदर्शनी वजन असल्यामुळे ते हलवण्याइतका पुरावा तुम्ही आणायचा : स्टेटमेंट, पावती, शपथपत्र. ते जमलं की बोजा पुन्हा धनकोवर जातो. शेवटचा बोजा कुणाचा हे मूळ कायदा ठरवतो. एरवी कराच्या वादात सिद्ध करायचं काम करदात्याचं असेल तर दिवाळखोरीतही त्याचंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये रॅले प्रकरणात सांगितलं आहे.

खातं विकत घेणारे बऱ्याचदा उत्तरच देत नाहीत. छोट्या रकमेसाठी वकील पाठवणं त्यांना परवडत नाही. तुमची नोटीस आणि कारण नीट असेल तर आदेश मिळून जातो.

हरकत बघून धनकोने दावा मागे घेतला तर?

हरकत दाखल झाल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो मागे घेता येत नाही. दुरुस्त करायचा प्रयत्न मात्र होतो, आणि पुष्कळ वेळा फोनवरच आकडा ठरून तिथेच मिटतं. मिटलेलं चांगलं, फक्त ते लेखी आदेशात उतरलं पाहिजे.

खोटा दावा भरणाऱ्याला काही शिक्षा?

फॉर्मवरच छापलेलं आहे : पाच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही फौजदारी बाब आहे आणि ती सरकारी वकिलांनी चालवायची असते. हिशेबातली चूक आणि जाणूनबुजून केलेला खोटेपणा यांत कायदा फरक करतो, आणि तुमच्यासमोर येणारे बहुतेक दावे पहिल्या प्रकारचेच असतात.

निकाल आमच्या विरुद्ध गेला तर?

दोन रस्ते आहेत. योग्य कारण असेल, म्हणजे नंतर एखादा कागद सापडला किंवा नोटीसच मिळाली नव्हती, तर त्याच न्यायालयाला फेरविचार करायला सांगता येतं. कलम ५०२ मध्येच ती सोय आहे, आणि लक्षात घ्या, ती धनकोलाही आहे. दुसरा रस्ता अपील. त्याला आदेशाच्या नोंदीपासून १४ दिवस मिळतात, शनिवार-रविवार धरून. चौदावा दिवस रविवारी आला तर सोमवार मिळतो.